हात पुसून मॉडेल उचलणाऱ्या चाचांना

चाचा, नमस्कार.

तुम्ही मोबाइलवर काही वाचत नाही, ठाऊक आहे मला. नातू वाचून दाखवेल. त्याला सांगा, भरभर वाचायचं नाही.

होळीच्या आधी, भर दुपारी, सनबोर्डचं खोकं छातीशी धरून मिरजेच्या सतारमेकर गल्लीत उभी होती ती सांगलीची मुलगी मीच. डोळे सुजलेले होते. तुम्ही कारण विचारलं नाहीत. "आत ये बेटा, पंख्याखाली बस," एवढंच म्हणालात.

कारण आज सांगते. आदल्या दिवशी आर्किटेक्चर कॉलेजात ज्युरी होती, म्हणजे परीक्षकांसमोर आपलं काम मांडायचं. माझा थिसीस होता मिरजेत गाण्याच्या बैठकीसाठी सभागृह. अब्दुल करीम खाँसाहेब ज्या गावात राहिले, जिथे दर्ग्याच्या उरुसात अजून गवई हजेरी लावतात, तिथे गाण्यासाठी बांधलेली एक खोली असावी, एवढीच कल्पना. छताचा आकार तानपुऱ्याच्या भोपळ्यावरून घेतला होता. अकरा रात्री जागून मॉडेल केलं होतं. एक सर बघून म्हणाले, "हे भाजीमंडईत ठेव, खपेल." सगळे हसले. दुसऱ्यांनी बोलता बोलता चहाचा कप माझ्या मॉडेलच्या अंगणात ठेवला. कप उचलला, तेव्हा तिथे तपकिरी गोल उमटला होता.

खरं सांगायचं तर त्यांचा आक्षेप चुकीचा नव्हता. आतून खोलगट छत आवाज गोळा करून एकाच जागी आणून टाकतं. विजापूर आपल्यापासून काही लांब नाही. १६५६ साली पुरा झालेल्या गोलघुमटात सहलीला गेलेलं प्रत्येक पोर ओरडून बघतं. सज्जातली कुजबुज पलीकडच्या टोकाला ऐकू येते, एक हाक पुन्हा पुन्हा परत येते. सहलीला मजा आहे, पण तिथे ख्याल गायला बसलं तर एका तानेवर दुसरी तान चढेल. एवढंच समजावलं असतं तर मी तिथल्या तिथे छत काढून ठेवलं असतं. पण भाजीमंडई म्हणायला कमी वेळ लागतो.

आणि मग तुम्ही. हात लाखेच्या पॉलिशने माखलेले. मी म्हटलं, मॉडेल बघता का? तुम्ही लगेच हात पुढे केला नाहीत. आधी फडक्याने पुसलात, मग पायजम्याला पुसलात, पंजे उलटेसुलटे करून बघितलेत. मग खालून, दोन्ही हातांनी, तानपुरा उचलतात तसं ते कागदी मॉडेल उचललंत.

चाचा, पाच वर्षांच्या शिक्षणात माझ्या कामाला हात लावायच्या आधी कुणी हात पुसले नव्हते. मी परत रडले ते त्याच्यामुळे. तुम्हाला वाटलं असेल, पोरगी उन्हानं बेजार झाली.

तुम्ही मॉडेल फिरवून बघितलंत आणि विचारलंत, "भोपळ्याच्या आत कोण बसतंय? ऐकणारा बाहेर असतो की." वर माळ्याला पंढरपूरकडचे वाळलेले भोपळे टांगले होते. मी त्यांच्याकडे बघत राहिले. महिनाभर ज्या गोलाईच्या पोटात मी तीनशे माणसं कोंबत होते, ती उलटी करायची होती. फुगीर बाजू श्रोत्यांकडे आली की आवाज एका जागी न साचता पसरतो.

मग तुम्ही तानपुऱ्याची घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, दाखवलीत, जवारी काढताना, म्हणजे तारेला गुंजारव यावा म्हणून ती घासताना. कानशीचा एक हात, मग तार छेडायची, मग दोरा सरकवायचा. मी विचारलं, वाक कुठे आहे? मला तर सपाटच दिसतंय. "डोळ्याला दिसला तर जास्त झाला." नंतर वाचनालयात सापडलं, सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये याच घोडीवर लिहून ठेवलंय. तार जिथे छेडतो त्या जागेमुळे जे उपस्वर उमटायलाच नकोत, तेही तानपुऱ्यात वाजतात, ते या किंचित वाकामुळे.

माझं दुसरं मॉडेल दोऱ्यांचं होतं, ज्युरीत कुणी खोक्यातून बाहेरही काढू दिलं नव्हतं. तुम्ही त्यावर बोट फिरवून म्हणालात, "सगळ्या तारा सरळ हैत. मग वाक कुठनं आला?" मी सांगायला लागले. झेनाकिस नावाचा माणूस, संगीतकार, ल कॉर्ब्युझिए या वास्तुविशारदाच्या कचेरीत नोकरीला. १९५३-५४ मध्ये त्याने वाद्यवृंदासाठी मेटास्टासिस नावाची रचना केली. तीत एकेक तंतुवाद्य एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जातं, आपल्या मींडेसारखं. आलेखावर प्रत्येक मींड म्हणजे सरळ रेघ, पण शेजारी शेजारी काढल्या की त्यांचा वळलेला पडदा होतो. तेच पडदे त्याने १९५८ च्या ब्रुसेल्स प्रदर्शनातल्या फिलिप्स मंडपाला काँक्रीटमध्ये दिले. हे सगळं माझ्या शीटवर छापलेलं होतं. पण मला ते कळलं तुम्हाला सांगताना.

"मग आता कुठाय तो मंडप?"

"१९५९ मध्ये पाडला."

"जवारी नीट लागली नसंल," म्हणालात, आणि परत कानस घेतलीत.

पुढचं सांगण्यासारखं फार नाही. छत उलटलं, दोऱ्यांचे पडदे भिंतीला आणले, पास झाले. भाजीमंडईवाले सर छान छान म्हणाले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा त्यांनी अभिमानाचं स्टेटस ठेवलं होतं म्हणे. गल्लीत कधी आले होते का, विचारून बघा.

त्या दिवशी परतताना सिटी बसमध्ये गर्दी होती. एका मावशींनी न विचारता खोकं मांडीवर घेतलं आणि विश्रामबागपर्यंत कुणाचं कोपर लागू दिलं नाही. आत काय आहे तेही विचारलं नाही. अशी माणसं असतात चाचा, कुठल्याही ज्युरीत नसतात. चांगुलपणाला डिग्री लागत नाही हे बरंय, नाहीतर त्यालाही फी भरावी लागली असती.

तुम्ही अर्ध्या भोपळ्याचे पैसे घेतले नाहीत, ते लक्षात आहे. दोऱ्यांचं मॉडेल तुमच्याकडेच राहू दे. डावीकडून चौथा दोरा सैल होता, एव्हाना सुटलाही असेल. तुम्ही बांधू नका. गणपतीत येते, मी बांधून देते.

तुमची,
खोकेवाली