झोळी आधी रिकामी टांगायची

प्रिय आशाताई,
सप्रेम नमस्कार.

नाव छापलेलं तुम्हाला आवडत नाही, म्हणून गावच्या 'आशा' आरोग्य सेविकेला सगळे म्हणतात तसं नुसतं आशाताईच म्हणते.

सार्वजनिक आरोग्य शिकत असताना यवतमाळ जिल्ह्यातल्या तुमच्या गावी तीन महिने राहिले, त्याला आता बारा वर्षं झाली. आज मी हाच विषय शिकवते. गेल्या महिन्यात विभागप्रमुख झाले तेव्हा सत्कारात सगळ्या गुरुजनांची नावं घेतली. तुमचं राहिलं. ते मनाला लागलंय.

सात दिवसांचं ते लेकरू आठवतं? डिसेंबरची कडाक्याची थंडी होती. तुम्ही वजनकाट्याला आधी रिकामी झोळी टांगली, काटा शून्यावर आणला, मगच बाळ ठेवलं. श्वास मोजायचं काम माझं. मी घाईत अर्धंच मिनिट मोजलं, दुप्पट केली आणि 56 लिहिले. तुम्ही म्हणालात, "म्याडम, पुरं मिनिट मोजा. लेकराचा श्वास एकसारखा नसते." पुन्हा मोजले तर 64. आणखी एकदा मोजले, 66. साठ किंवा त्याहून जास्त म्हणजे धोका, हे मला तोंडपाठ होतं. मोजणंच चुकलं होतं. मग तुम्ही दुपटं सारून छातीखालची जागा दाखवलीत. दर श्वासाला ती आत ओढली जात होती. आजी म्हणत होती, उद्या पाहू. तुम्ही वाद घातला नाही, तिचाच हात नातवाच्या छातीवर ठेवलात. गाडीला फोन करा, हे मग तीच म्हणाली. तो पोरगा आता सहावीत आहे.

घरी जाऊन नवजात बाळ सांभाळण्याची ही रीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने गडचिरोलीच्या 39 गावांत घडवली. 1999 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं: तिसऱ्या वर्षी तिथले नवजात मृत्यू, तुलनेला घेतलेल्या गावांच्या मानाने, 62 टक्क्यांनी घटले. वर्गात हा आकडा सांगताना मला तुमची ती रिकामी झोळी दिसते.

आणखी एक. लसीकरणाला न आलेल्या एका आईपुढे मी 'उदासीन' असा शेरा लिहिला होता. तुम्ही तो खोडायला लावलात. "उदासीन नाही थे. कापूस येचाले गेली. तिले किलोवर पैसे भेटते, एक दिवस बुडला त बाजार बुडते." तुमचाही मोबदला तेव्हा कामागणिकच, ती आली नाही तर तुमचाही बुडणार होता. तरी त्याबद्दल तुम्ही चकार शब्द काढला नाहीत. संध्याकाळी ती शेतातून परतल्यावर तिच्या दारात जाऊन बसलात आणि पुढची तारीख तिच्याच सोयीने ठरवलीत. आरोग्य समतेवर मी आज तास-तासभर बोलते, ते सगळं त्या उंबरठ्यावर शिकलेलं आहे. 'उदासीन' हा शब्द माझ्या विद्यार्थ्यांच्या अहवालात मी चालू देत नाही.

ताई, मनापासून आभार. फार उशिरा मानते आहे.

जानेवारीत नवी तुकडी घेऊन गावी येतेय. पहिल्या दिवशी मी बोलणार नाही, तुम्ही शिकवायचं. काटा आणि झोळी मी आणते.

तुमची,
म्याडम