काकवीतलं इंडियन पुडिंग

फ्रॅमिंगहॅम, मॅसॅच्युसेट्स
14 ऑक्टोबर

प्रिय सुमे,

पत्र मिळालं. आईची चौकशी केलीस, तर ती मजेत आहे. इथली थंडी तिला मानवली, जेवण नाही. म्हणून रविवारी तिला जवळच सडबरीच्या वेसाइड इनमध्ये नेलं. 'इन' म्हणजे काय, तर मी म्हटलं सराय. ती म्हणे, "म्हणजे पैसे घेणारी धर्मशाळा."

बॉस्टनहून न्यूयॉर्कला जाणाऱ्या टपालाच्या रस्त्यावर हाऊ नावाच्या माणसानं 1716 मध्ये राहत्या घरातच वाटसरूंची सोय सुरू केली. 1861 पर्यंत, चार पिढ्या, घरच्यांनीच ती चालवली. आई इतिहासाची मास्तरीण ना, पायरी चढता चढता म्हणाली, "बाळाजी विश्वनाथांना पेशवाई मिळून तीन वर्षं झाली होती तेव्हा." तुळया काळ्या, छत इतकं खाली की आमच्या ह्यांना सारखं डोकं सांभाळावं लागत होतं.

पुढे 1923 मध्ये हे सगळं हेन्री फोर्डनं विकत घेतलं. गंमत बघ, घरोघरी मोटार पोचवणाऱ्या माणसानं या घराला मोटारींचा त्रास नको म्हणून हमरस्ताच बाजूला वळवला! आवारात त्यानं एक जुनी शाळा आणून ठेवलीय. आपण बालवाडीत मान हलवत म्हणायचो त्या मेरीच्या कोकराचीच ती, असं त्याचं म्हणणं. मला फारसं पटलं नाही. 1955 च्या डिसेंबरात इनचा बराच भाग जळाला, तो दुरुस्त होऊन 1958 ला पुन्हा पाहुणे आले. आई गप्प झाली, मग म्हणाली, "शनिवारवाडा जळाला 1828 ला. आपण नुसतं जोतं राखलं."

ह्यांनी पॉट रोस्ट घेतलं. आई शाकाहारी, त्यामुळे तिचा सगळा जीव पावावर. आवारातल्या पाणचक्कीवर दगडी जात्यात दळलेलं पीठ त्यात असतं. (चक्की दिसते पुराणी, पण तीही फोर्डनंच 1929 मध्ये बांधून घेतलेली.) आईनं पावाचा तुकडा मोडला, बोटांत चुरला, वास घेतला. "जाडसर दळलंय. बरं केलं."

मग यादीत तिला 'इंडियन पुडिंग' दिसलं. चष्मा सावरून म्हणाली, "हे आपलं!" मी काहीच बोलले नाही. आलं ते तपकिरी, गरम, लापशीसारखं, वर वितळणारं व्हॅनिला आइस्क्रीम. पहिला घास घेऊन तिनं डोळे मिटले. "नंदे, ही काकवी आहे."

खरंच काकवी गं! इथल्या जमिनीत गहू नीट पिकेना, तेव्हा गोऱ्यांनी आपली इंग्लंडची लापशी इथल्या मूळ रहिवाशांच्या मक्याच्या पिठाची केली. त्या पिठाला ते 'इंडियन मील' म्हणत, म्हणून पुडिंगही इंडियन. काकवी यायची वेस्ट इंडीजमधून, गुलामांनी राबून काढलेल्या उसाची. हे सांगितल्यावर आईचा चमचा क्षणभर थांबला. मग तिनं वाटी पुसून संपवली. "मक्याचा सांजा. आलं, दालचिनी. वेलची हवी होती."

आता तिनं ते घरी करायचा ध्यास घेतलाय. दुकानातल्या मोलॅसिसला, म्हणजे इथल्या काकवीला, नाक मुरडते, जळकट लागतं म्हणे. तेव्हा दिवाळीनंतर गुऱ्हाळं लागली की सांगलीहून येणाऱ्या कुणाबरोबर एक बाटली पाठव. झाकण मेणानं बंद कर, मागच्या वेळी काकांच्या बॅगेतले सगळे शर्ट चिकटले होते. मक्याचं पीठ मी आणून ठेवलंय.

तुझी,
नंदा