मागे पाहून

लातूर, रविवार

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

आठवडा झाला, तुझे सगळे मेसेज आईच्या फोनवर येतात. म्हणजे राग अजून उतरलेला नाही. स्टँडवर चारचौघांत मी ओरडायला नको होतं, आक्काही तेच म्हणाली. पण ‘रात्री ट्रक भरतानाचं शूट करणार’ असं तू सहज बोलून गेलीस आणि माझा तोल गेला.

ऊसतोडीचे फड मी पाहिलेत. गाडी रात्री दोनला आली तरी उठून भरायचीच. डोक्यावर मोळी घेऊन बाया फळीवरून चढतात, खाली चिखल. ड्रायव्हर गाडी मागे घेतो तेव्हा त्याला तू दिसत नाहीस. शिवाय उसातल्या विहिरींना कठडा नसतो. तुझा एक डोळा मिटलेला, दुसरा कॅमेऱ्याला. मागे पाहून पाय टाक, एवढंच.

बाकी सांगण्यासारखं काही नाही. मुकादमाशी वाद घालू नकोस. तू निघून येशील, त्याच्याकडून आगाऊ घेतलेली उचल त्या तोडणाऱ्या नवरा-बायकोच्या अंगावरच राहील. त्यांच्या झोपडीत, कोपीत, चहा दिला तर अर्धा टाकू नकोस. पहिले तीन दिवस कॅमेरा पिशवीतून काढायचा नाही. बघ, झालं माझं सुरू. लेक्चर नको म्हणून तर पत्र लिहायला बसलो होतो.

‘तुम्ही तरी कुठे मागे बघत होता?’ म्हणालीस, ते खरंच आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, १० वाघिणी, ५ लाख लिटर, तेव्हा तुला सोबत नेलं होतं. तू रेल्वे सोडून माझाच फोटो काढलास: उलट्या पावलांनी रुळाकडे निघालेला बाप. तो कपाटात आहे, निगेटिव्हच्या डब्यांवर. घरी येईल त्याला दाखवतो. तेरा वर्षांची पोर, पण हात हललेला नाही.

किल्लारीचं तुला कधी सांगितलं नाही. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी विसर्जन, लोक दमून झोपलेले, पहाटे चारच्या सुमाराला जमीन हलली. मी उजाडल्यावर स्कूटरवर पोचलो. दगडमातीच्या हातभर जाड भिंती, वर माळवद, सगळं आत बसलेलं. पन्नासच्या लेन्समध्ये वाडा मावेना, म्हणून मागे मागे सरकत होतो. कुणीतरी पाठीमागून कॉलर धरली. वाटलं, मी पडेन म्हणून धरली असेल. तो म्हणाला, “साहेब, तुम्ही उभे आहात तिथं खाली आमची माणसं आहेत.”

आवाज चढलेला नव्हता. दगड उपसून बोटं सोलली होती त्याची. कॅमेरा बाजूला ठेवला आणि अंधार पडेपर्यंत त्याच्यासोबत दगड उपसले. त्या रोलवरच्या अठरा फ्रेम कोऱ्याच राहिल्या. आई समजते, माझा गुडघा स्कूटरवरून पडून गेला. समजू दे.

आणि ‘झूम पायांनी करायचा’ हे तुला मीच शिकवलं.

काल आईने तुझा फोटो दाखवला. चुलीच्या उजेडात कानशीने कोयत्याला धार लावणारी बाई, मांडीवर पोर झोपलेलं. चष्मा पुसून दोनदा पाहिला. इतक्या जवळ मला तीस वर्षांत कुणी बसू दिलं नाही. तीन दिवस थांबली नव्हतीस, तेही कळलं. मागे कितीशी जागा होती? भिंतीला टेकून काढला असशील, असं मी धरून चाललोय.

माझी अठ्ठावीसची लेन्स पाठवतो आहे. तुझ्या निकॉनला बसते, फोकस मात्र हाताने करावा लागेल. तिच्यात सगळं मावतं, मागे सरकावं लागत नाही. तात्यांच्या मफलरमध्ये गुंडाळली आहे. मफलरही वापर, पहाटे फडावर गारठा असतो. पार्सल मिळालं की कळव. माझ्या फोनवर.

तुझे,
बाबा

ता. क. रात्री ट्रक मागे घेताना सगळे हॉर्न देतात असं समजू नकोस.