मीवात्नहून आई-बाबांना पत्र

मीवात्न, आइसलँड
जून

तीर्थरूप आई-बाबांस शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबांनी विचारले की, रस्त्याच्या कडेला उभे राहून अनोळखी माणसांच्या गाड्यांत बसण्याची तुम्हा दोघींना गरजच काय? वाऱ्यामुळे नीट बोलता आले नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे. भाड्याची गाडी येथे फार महाग पडते, हे निघतानाचे कारण होते. आता मात्र मला वाटते की स्वतःची गाडी असती, तर ज्याला आम्ही नुसता काळा माळ समजून मागे टाकले असते, त्या माळाची हकिगत शेजारी बसवून सांगणारे कोणी भेटलेच नसते.

आधी आईच्या काळजीविषयी. या देशाची वस्ती चार लाखांच्या आत आहे आणि त्याला वळसा घालणारा मुख्य रस्ता एकच, सुमारे तेराशे किलोमीटरचा. पेट्रोल पंपाजवळ किंवा गाडी बाजूला घेता येईल अशा जागी आम्ही उभ्या राहतो, चालकाशी बोलून मगच बसतो, आणि मन घेत नसेल तर आभार मानून नकार देतो. जूनमध्ये येथे अंधार पडतच नसल्याने रात्री अडकण्याची भीतीही नाही. भीती असलीच तर वाऱ्याची: गाडीत बसताना जवळजवळ प्रत्येकाने पहिली सूचना दिली ती दार दोन्ही हातांनी धरण्याची, कारण येथील वारा उघडलेले दार बिजागरीतून पिरगाळून टाकतो.

दक्षिण किनाऱ्यावरचे विक गाव सोडल्यावर एका मेंढपाळ बाईंनी आम्हांला घेतले. काळ्या वाळूचे सपाट मैदान संपले आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना राखाडी-हिरव्या शेवाळाने मढलेले लाव्हाचे उंचवटे सुरू झाले. ते इतके मऊ दिसत होते की मैत्रीण उतरून चालायला निघाली; बाईंनी तिला थांबवले, कारण तुडवलेले शेवाळ पुन्हा भरून यायला कित्येक दशके लागतात. हा लाव्हा लाकी नावाच्या ज्वालामुखीचा. ८ जून १७८३ रोजी तेथे जमीन फाटली आणि सुमारे पंचवीस किलोमीटर लांबीच्या त्या भेगेतून आठ महिने लाव्हा आणि वायू बाहेर पडत राहिले. लाव्हाने मारली त्यापेक्षा कितीतरी अधिक माणसे नंतरच्या उपासमारीने मारली: वायूंतले फ्लोरीन गवतावर बसले, ते खाऊन जनावरे गेली, आणि जनावरांमागून देशातली सुमारे एक पंचमांश माणसे. त्या काळी योन स्टेनग्रिमसोन नावाच्या पाद्रींनी लाव्हा गावाच्या दिशेने येत असताना चर्चमध्ये प्रार्थना चालू ठेवली आणि प्रवाह चर्चपर्यंत न पोहोचताच थांबला, असे येथे आजही सांगतात. बाईंनी ते श्रद्धेने सांगितले. मात्र त्याच दमात, आपल्या मेंढ्यांच्या चाऱ्याकडे त्या अजूनही संशयाने पाहतात, असेही म्हणाल्या. मला त्यांचे हे दुसरे वाक्य अधिक लक्षात राहिले.

पूर्वेकडे गाड्या विरळ होत गेल्या आणि थांबणे लांबत गेले. त्याबद्दल थंडीखेरीज सांगण्यासारखे काही नाही.

उत्तरेकडच्या या मीवात्न सरोवराकाठी आम्हांला एका वीज कामगाराने आणून सोडले. जवळच्या क्राफ्ला येथे जमिनीखालच्या वाफेवर चालणारे वीजकेंद्र आहे, आणि ते बांधले जात असतानाच, १९७५ मध्ये, तेथे उद्रेक सुरू झाले व नऊ वर्षे अधूनमधून होत राहिले. युरोप आणि उत्तर अमेरिकेचे भूखंड येथे वर्षाला सुमारे दोन सेंटिमीटरने दूर सरकतात, पण ते सरकणे संथ नसते. वर्षानुवर्षे ताण साठतो आणि मग जमीन एकदम फाकते. बाबा, तुमचे लग्न ज्या वर्षी झाले त्या १९८४ सालच्या सप्टेंबरात शेवटचा लाव्हा वाहिला. काल त्यावरून चाललो, तर कोठे कोठे भेगांतून अजून वाफ निघत होती. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचे उभे खांब दाखवून हाही लाव्हाच, असे तुम्ही सांगायचात, तेव्हा मला ते खरे वाटत नसे. तो खडक सहा कोटींहून अधिक वर्षांचा. आइसलँडमधला सर्वांत जुना खडकही त्याच्या एक तृतीयांश वयाचा नाही. आपण ज्यावर पायऱ्या चढून गावदेवीला जातो, तो कधीकाळी असाच धगधगत असणार, हे येथे बुटाच्या तळव्याला ऊब लागल्यावर पटले.

आईसाठी एक गोष्ट: येथील लोक राय नावाच्या धान्याचे पीठ भिजवून डब्यात घालून गरम जमिनीत पुरतात आणि जवळजवळ दिवसभराने गडद, किंचित गोड पाव बाहेर काढतात. लोण्याबरोबर तो फार चांगला लागतो, पण गंधकाच्या वासाची सवय व्हावी लागते. चिलटे मात्र असह्य आहेत. तोंडावर जाळी घेऊनच बाहेर पडावे लागते.

उद्या अकुरेरीपर्यंत पुन्हा लिफ्ट मागणार आहोत. तेथून रेक्याविकला बसने जाऊ, कारण परतीचे विमान गाठायचे असताना दुसऱ्याच्या गाडीच्या भरवशावर राहणे मलाही पटत नाही. बाबांनी रक्तदाबाची गोळी चुकवू नये, आणि आईने गुडघ्यांसाठी डॉक्टरांची वेळ घेतली की मला कळवावे.

तुमची,
लेक