निधनवार्तेच्या चार ओळींपलीकडचे उद्योजक

संपादक महोदय,

गेल्या आठवड्यात आपल्या दैनिकाच्या ‘निधन’ सदरात शहरातील एका ज्येष्ठ उद्योजकाच्या निधनाचे वृत्त वाचले. वय ९१, व्यवसाय आणि ‘पश्चात दोन मुले, सुना, नातवंडे असा परिवार’ एवढ्यावरच ते आटोपले होते. देणगीच्या पाटीवरही आपले नाव कधी येऊ न दिलेल्या या गृहस्थांचा नामोल्लेख मी येथे टाळतो. मात्र त्यांच्या कारखान्यात दीर्घकाळ नोकरी केल्याने काही गोष्टी नोंदवणे मला कर्तव्य वाटते.

१८५४ मध्ये सुरू झालेल्या पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात ते १९५०च्या दशकात शिकले आणि तेथील १९२८ सालच्या बोट क्लबमुळे मुळेच्या पात्रात वल्हे मारू लागले. पुढे भोसरीत भाड्याच्या शेडमध्ये, लेथ या धातू कातण्याच्या एका जुन्या यंत्रावर, त्यांनी इंजिनांचे सुटे भाग करायला घेतले. पिंपरी-चिंचवडचे मोठे कारखाने जॉबवर्क, म्हणजे मोठ्यांच्या मागणीनुसार सुटे काम, करणाऱ्या अशा छोट्या शेडच्या आधारावर वाढले, हे उद्योगनगरीचे कौतुक करताना आपण सोयीस्करपणे विसरतो.

महाविद्यालयाशी त्यांचे नाते माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यापुरते नव्हते. उन्हाळ्यात प्रशिक्षणासाठी येणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती ते मायक्रोमीटर देत, एकाच शाफ्टचे माप तीनदा घ्यायला लावत आणि तिन्ही आकडे जुळेपर्यंत त्याला मशिनला हात लावू देत नसत. क्लबच्या बोटींच्या वल्ह्यांच्या कड्या झिजल्या की त्या आमच्याकडे येत, नव्या होऊन परत जात आणि त्यांचे बिल कधीच निघत नसे. त्यावर आमचे हिशेबनीस कुरकुरत. त्यांचेही चूक नव्हते, कारण रेगाटा, म्हणजे क्लबचा नौकानयन सोहळा, आणि मार्चअखेर यांची गाठ नेमकी एकाच वेळी पडे. नव्वदीतही ते रेगाटाला काठावर हजर असत, आणि पात्रात जलपर्णी दिसली की दिवसभर त्यांचा पारा चढलेला असे.

माजी विद्यार्थ्यांची निष्ठा धनादेशाच्या आकड्यावरून जोखण्याची सध्याची रीत मला पटत नाही. २०२२ मध्ये हे महाविद्यालय स्वतंत्र विद्यापीठ झाले. त्याने आपल्या ऐंशी-नव्वदीतील माजी विद्यार्थ्यांच्या आठवणी आता विनाविलंब ध्वनिमुद्रित करून घ्याव्यात, आणि आपल्या दैनिकानेही अशा उद्योजकांकडे ते हयात असतानाच वार्ताहर पाठवावा, ही विनंती.

– एक वाचक, शिवाजीनगर, पुणे