‘बास’चे सामान आणि आपला जिताडा

महोदय,

पावसाचा जोर ओसरला की खाड्यांच्या कडेला गरवायला येणाऱ्यांत हल्ली नव्या पोरांची बरीच भर पडते. बहुतेकांच्या हातात ऑनलाइन मागवलेला ‘बास फिशिंग कॉम्बो’ असतो: काठी, रीळ, दोरी आणि डबाभर रंगीत लुअर, म्हणजे नकली आमिषे. हे सामान टाकाऊ नसते, पण ते आपल्या खाड्यांतल्या जिताड्यासाठी नाही, दुसऱ्याच माशासाठी बनवलेले असते. त्यातले काय ठेवावे आणि काय बदलावे, हे सांगण्यासाठी हे पत्र.

लार्जमाउथ बास हा उत्तर अमेरिकेतल्या गोड्या पाण्याचा मासा. त्याचा जागतिक विक्रम १९३२ साली जॉर्जियात झाला आणि २००९ मध्ये जपानच्या बिवा तळ्यात त्याची बरोबरी झाली. दोन्ही मासे सुमारे दहा किलोंचे. नेहमी गळाला लागणारा बास एक-दोन किलोंचा असतो आणि त्याच्या कल्ल्यांची झाकणे दोरी कापण्याइतकी धारदार नसतात. त्यामुळे १२-१४ पाउंडांची नायलॉन दोरी आणि बारीक तारेचे गळ तिकडे पुरतात.

जिताडा यापेक्षा कितीतरी मोठा होतो. भक्ष्य तो पाण्यासकट आत ओढतो आणि जबडा मिटतो, मग पाण्याबाहेर उसळी मारून डोके झाडतो. त्याच्या कल्ल्याच्या झाकणाची कड दोरी कापते आणि जबडा कानशीसारखा खरबरीत असल्याने ती घासून झिजते. बासच्या सामानाची कसोटी लागते ती इथे, आणि सगळ्यात आधी हार खातो तो गळ.

कॉम्बोमधल्या मिनो किंवा क्रँकबेटला (माशाच्या आकाराच्या टणक लुअरना) लावलेला ट्रेबल, म्हणजे तीन टोकांचा गळ, पक्कडीत धरून वाकवून पाहा. हाताच्या जोराने उघडला तर जिताडा तो नक्कीच सरळ करणार. ९ ते ११ सेंटिमीटरच्या लुअरवर त्याच नंबरचा पण ‘३एक्स’ किंवा ‘४एक्स’ जाडीचा ट्रेबल बसवावा. सोबत स्प्लिट रिंग, म्हणजे गळ लुअरला जोडणारी कडीही बदलावी, नाहीतर गळ टिकतो आणि रिंग उघडते. मागच्या बाजूला ट्रेबलऐवजी एकेरी गळ लावला तर खाजणात तो तिवरांच्या मुळांत कमी अडकतो आणि छोटा मासा सोडतानाही त्रास होत नाही.

जाड गळ लावला की लुअरचा तोल बदलतो, हे फारसे कोणी सांगत नाही. गोड्या पाण्यासाठी बनवलेला ‘सस्पेंडिंग’ मिनो थांबवला की आहे तिथेच राहावा, अशा बेताने भरलेला असतो. समुद्राचे पाणी गोड्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड असते. म्हणून २० ग्रॅमचा तसा लुअर खाडीच्या मुखाशी अर्धा ग्रॅम हलका पडतो आणि थांबवला की वर येऊ लागतो. जड गळांनी हे अर्धा ग्रॅम नेमके भरून निघू शकते. मात्र तोच लुअर अलिबाग-पेणच्या खारेपाटातल्या गोड्या तळ्यात टाकला तर बुडेल. गळ बदलल्यावर जिथे गरवायचे तिथलेच पाणी बादलीत घेऊन लुअर त्यात सोडून पाहावा. दोन मिनिटांचे काम आहे.

दोरीकडे येऊ. रिळावर विणलेली पीई (पॉलिएथिलिन) २ नंबरची दोरी असावी. तिची जाडी सुमारे ०.२३ मिलिमीटर, आणि चांगल्या प्रतीची असेल तर ताकद २५ ते ३० पाउंड, म्हणजे साधारण ११ ते साडेतेरा किलो. एवढ्याच जाडीच्या दोरीवर ‘६० पाउंड’ छापलेले असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये. टोकाला गाठ मारून ती वजनकाट्याच्या हुकात अडकवा आणि ओढा. काय खरे ते लगेच कळते. ही दोरी गुळगुळीत रिळावर घसरते, म्हणून आधी नायलॉनचे दहा-बारा वेढे घ्यावेत. वरची कड दोन-तीन मिलिमीटर मोकळी ठेवावी. काठोकाठ भरलेल्या रिळावरून दोरीचे गुंतवळे सुटतात.

विणलेल्या दोरीला घासणे सोसत नाही. म्हणून पुढे ४० पाउंडांचा फ्लुरोकार्बन किंवा जाड तंगुसाचा लीडर, म्हणजे दोरी आणि लुअरमधला तुकडा, हवाच. लांबी ६० ते ९० सेंटिमीटर पुरे. कातळावर कालवे असतील तिथे ५०-६० पाउंडांचा घ्यावा. स्टीलची तार नको. जिताड्यासाठी तिची गरज नसते आणि लुअरची चाल मरते. जोडायला डबल युनी गाठ सोपी: लीडरचे चार वेढे, दोरीचे सात-आठ. गाठ ओली करूनच आवळावी, कोरडी आवळली की घर्षणाच्या उष्णतेने नायलॉन कमजोर होते आणि नेमका मोठा मासा असताना तिथेच तुटते. प्रत्येक माशानंतर लीडरवरून बोट फिरवावे. खरखर लागली तर तेवढा तुकडा कापून गाठ पुन्हा मारावी.

काठी घेताना ‘मीडियम हेवी’ या शब्दांवर जाऊ नये, प्रत्येक कंपनीचे मीडियम वेगळे असते. मुठीच्या वर लुअरचे वजन छापलेले असते, ते वाचावे. औंसात असेल तर एक औंस म्हणजे २८ ग्रॅम. ‘१/४ ते ३/४’ म्हणजे ७ ते २१ ग्रॅम. खाडीसाठी साडेसहा ते सात फुटांची, १० ते ३० ग्रॅमची काठी बरी. काठ्या मोडतात त्या बहुधा मासा खेळवताना नाही, तर तो पायाशी आल्यावर काठी उभी करून त्याला धक्क्यावर उचलताना. लांब दांड्याची झेली (मासा उचलायची जाळी) जवळ ठेवली की हे टळते. आणि कार्बनच्या काठीतून वीज वाहते. बंधाऱ्यावरून जाणाऱ्या तारांखाली ती उभी धरू नये, ढग गडगडू लागले की आडवी ठेवून निघावे.

रीळ ३००० किंवा ४००० आकाराचे पुरते. ब्रेक दोरीच्या ताकदीच्या पाव भागावर, म्हणजे सुमारे तीन किलोंवर, काट्याने मोजून लावावा. विणलेली दोरी ताणत नसल्याने ब्रेक अतिघट्ट असेल तर गळ मांस फाडून बाहेर येतो. खाऱ्या पाण्यातून आल्यावर गोड्या पाण्याचा हलका शिडकावा द्यावा. नळाखाली जोरात धरू नये, त्याने मीठ आत शिरते.

लुअरच्या रंगांवर लोक जेवढा पैसा घालतात तेवढा घालण्याची गरज नाही. एक-दोन मीटर खोल जाणारा एक मिनो आणि ७ ते १४ ग्रॅमच्या जिगहेडवर (शिशाचे डोके असलेल्या गळावर) बसणारी चार इंची रबरी शेपटीची मासळी, एवढ्यावर बाणकोटपासून कर्लीपर्यंतच्या खाड्यांत काम भागते. जिगहेडचा गळही जाडच असावा. ओहोटीला उघाडीतून (बंधाऱ्याच्या दारातून) किंवा छोट्या पऱ्ह्यातून (ओहोळातून) पाणी मुख्य खाडीत उतरते, तिथे बोय आणि कोलंबी वाहून येते आणि जिताडा प्रवाहाकडे तोंड करून थांबतो. लुअर वरच्या अंगाला टाकून पाण्याबरोबर खाली आणावा. उधाणाला पाणी फार गढूळ असेल तर भांगाचे, म्हणजे कमी भरती-ओहोटीचे दिवस बरे.

कॉम्बोतला रबरी बेडूक मात्र फेकू नका. गोड्या पाण्यातल्या मरळीसाठी तो थेट उपयोगी पडतो. त्याचे गळ अंगाला चिकटलेले असल्याने कमळाच्या पानांवरून आणि शेवाळावरून तो न अडकता सरकतो. इथे ४०-५० पाउंडांची दोरी लागते, कारण मरळ लागली की गवतात घुसते. पाणी फुटल्याबरोबर झटका मारू नये. दोरीवर वजन जाणवले की मगच मारावा, नाहीतर बेडूक तिच्या तोंडातून रिकामा परत येतो. लालसर पिल्लांचा घोळका दिसला तर तिथे बेडूक टाकू नये. आई-बाप त्यांची राखण करत असतात आणि ते गेले की पिल्ले इतर माशांच्या तोंडी जातात. जिताडाही आधी नर असतो, मोठा झाल्यावर मादी होतो. त्यामुळे फार मोठा मासा लागला तर फोटो काढून सोडलेला बरा.

तालुक्याच्या गावांतल्या दुकानदारांना एक विनंती. कॉम्बोची खोकी जरूर विका, पण त्याच फळीवर जाड ट्रेबल, स्प्लिट रिंग आणि ४० पाउंडांच्या लीडरची रिळे सुटी ठेवा, आणि पाउंडांशेजारी किलो, औंसांशेजारी ग्रॅम मराठीत लिहून चिकटवा. सध्या या तीन वस्तूंसाठी मुंबईहून पार्सल मागवावे लागते.

आपला,
गरवणारा एक वाचक, गुहागर