विद्यार्थी कर्मचाऱ्यांसाठी सूचना : हजेरीची नोंद व जेवणाची सुट्टी

वाचनालयात अर्धवेळ काम करणाऱ्या सर्व विद्यार्थी सदस्यांना कळविण्यात येते की, येण्याची व जाण्याची वेळ हजेरीपटात त्याच क्षणी आणि स्वतःच्या हाताने लिहावी. गेल्या आठवड्याच्या एका पानावर सहाही दिवस एकाच शाईत, एका बैठकीत भरलेले व प्रत्येक ओळीत ‘सकाळी 10.00’ असे लिहिलेले आढळले. सीताबर्डीच्या गर्दीतून पोहोचेपर्यंत 10.07 झाले असतील, तर 10.07 हेच लिहावे. त्यासाठी कोणालाही बोल लावला जाणार नाही. मित्राच्या नावापुढे सही करणे मात्र कोणत्याही कारणाने चालणार नाही, कारण मानधनाचा हिशेब याच नोंदींवरून होतो.

जेवणाच्या सुट्टीबाबत आमचा विशेष आग्रह आहे. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, 2017 च्या मूळ तरतुदीत सलग पाच तासांच्या कामानंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती सांगितली होती. आपण ती चार तासांनंतरच द्यायची ठरविली आहे, कारण सकाळचे कॉलेज आटोपून केवळ तर्री-पोह्यांवर थेट कामावर येणारी मुले-मुली आपल्यात अनेक आहेत आणि नागपूरच्या उन्हाळ्यात हे प्रकृतीला झेपणारे नाही. पुस्तके देता देता डब्यातले चार घास खाणे, याला सुट्टी म्हणता येत नाही. मध्येच कोणी कामाला बोलावले, तर तेवढा वेळ कामाचा म्हणून लिहावा व अर्धा तास नव्याने घ्यावा.

नोंद चुकल्यास एका रेघेने खोडून शेजारी सही करावी आणि त्याच दिवशी ग्रंथपालांना सांगावे.